अलिबागची इस्रायल आळी

कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं पालटलें आणि तो रायगड जिल्हा झाला. परंतु त्याचें मुख्य ठाणें जें अलिबाग, त्या गांवच्या जुन्या वस्तींतील एका आळीचें नांव मात्र पालटलेलें नाहीं. तिला आजही इस्रायल आळी असेंच म्हणतात. नारळी-पोफळींच्या सावलींत उभ्या असलेल्या कौलारू घरांमधून जातां जातां तेथें एक प्रार्थनामंदिर लागतें. ‘मागेन आबोथ’ हें त्याचें नांव. हिब्रू भाषेंत त्याचा अर्थ ‘पूर्वजांची ढाल’ असा होतो. हें मंदिर प्रथम १८४८ सालीं बांधलें गेलें आणि १९१० सालीं त्याची नव्यानें उभारणी झाली.

श्रोतेहो, या दोन सालांकडे लक्ष दिलें म्हणजे मन थोडें घोटाळ्यांत पडतें. ज्या बेने इस्रायल समाजाचें हें मंदिर, तो समाज या किनाऱ्यावर कालपरवां आलेला नव्हे. पेशवाईचा उदय होण्याच्या कितीतरी आधीपासून तो येथें नांदत होता. असें असतां सार्वजनिक प्रार्थनेची वास्तु उभी करावयास त्याला १८४८ साल कां उजाडावें लागलें? आणि त्यापूर्वींच्या शतकांत, मंदिर नाहीं, धर्मगुरु नाहीं, धर्मग्रंथाची एक पोथीही घरांत नाहीं, अशा स्थितींत हे लोक यहुदी राहिले तरी कसे? आजच्या भाषणांत मी मुख्यतः या प्रश्नाचा विचार करणार आहें; आणि हें मंदिर उभें राहिल्यानंतर शंभर वर्षांच्या आंतच त्यांतील माणसें कां निघून जाऊं लागलीं, हा दुसरा प्रश्न त्याच्याच पोटांत दडलेला आहे.

आधीं दंतकथा सांगतों. अलिबागच्या उत्तरेस किहीमजवळ नवगांव म्हणून एक लहानसें खेडें आहे. फार प्राचीन काळीं खांदेरी-उंदेरीच्या बेटांपाशीं एक गलबत खडकावर आपटून फुटलें. त्यांतील सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढींच माणसें जिवंत किनाऱ्याला लागलीं. समुद्रानें बाहेर टाकलेलीं प्रेतें त्यांनीं नवगांवीं पुरलीं. पुरुषांचीं एका ठिकाणीं आणि स्त्रियांचीं दुसऱ्या ठिकाणीं. त्यांचे ग्रंथ व सारी चीजवस्तु पाण्यांत गेली. मागें राहिलें तें फक्त ‘शेमा’ हें एक वचन. ईश्वर एकच आहे असें सांगणारें. या चौदा जणांपासून पुढें सारा समाज वाढला, अशी श्रद्धा आहे आणि नवगांवचीं तीं दफनस्थानें आजही पूज्य मानलीं जातात.

ही कथा ऐकतांच कोंकणांतील श्रोत्यांना दुसरी एक कथा आठवली असेल. परशुरामानें समुद्रकांठीं वाहून आलेल्या चौदा प्रेतांना जिवंत करून चित्पावनांचें कुळ निर्माण केलें, ती कथा. चौदा ही संख्या, फुटलेलें गलबत, किनारा, नवा वंश. दोन्ही कथांची घडण एकाच साच्यांतली दिसते. कोणी कोणाची उचलली हा वाद मला निष्फळ वाटतो. समुद्रकांठच्या माणसांना आपल्या आरंभाची कल्पना समुद्रावांचून करतां येत नाहीं, एवढाच त्यांतून अर्थ निघतो.

काळाचा प्रश्न मात्र टाळतां येत नाहीं. या समाजाचे पहिले इतिहासकार हाईम सॅम्युअल किहीमकर यांनीं हें आगमन ख्रिस्तपूर्व १७५च्या सुमाराचें, म्हणजे अँटिओकस राजाच्या छळाच्या वेळचें ठरविलें. त्यांच्या बाजूचा एक पुरावा मोठा मजेचा आहे. हनुक्का हा दिव्यांचा उत्सव त्या छळानंतरच्या विजयाची आठवण म्हणून पाळतात आणि बेने इस्रायलांना जुन्या काळीं तो ठाऊकच नव्हता. अर्थात् तो सुरू होण्यापूर्वींच हे लोक मायदेशांतून निघाले असले पाहिजेत! युक्तिवाद चतुर आहे; पण नसलेल्या गोष्टीवरून असलेली गोष्ट सिद्ध करण्यांत धोका असतो. ज्यांच्यापाशीं ग्रंथच उरले नव्हते, ते एखादा सण विसरलेही असतील. दुसरे विद्वान हें आगमन ख्रिस्तोत्तर पांचव्या-सहाव्या शतकांतलें, इराण किंवा येमेन येथून झालेलें मानतात. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक संशोधनांत या समाजाच्या रक्तांत यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे मिसळलेले आढळले आणि तें मिश्रण सुमारें १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीं झालें असावें असा अंदाज निघाला. दंतकथेला त्यानें पुष्टि मिळते ती एवढीच, कीं दूरदेशींचे लोक येथें आले आणि येथल्या मातींत मिसळले.

लेखी उल्लेख शोधूं गेल्यास बाराव्या शतकाच्या शेवटीं मैमोनिदिस या थोर यहुदी पंडितानें एका पत्रांत, हिंदुस्थानांतील यहुद्यांना शब्बाथ व सुंता यांखेरीज धर्माचें कांहीं ज्ञान नाहीं असें लिहिलेलें सांपडतें. तें कोंकणच्या लोकांस उद्देशून असेल किंवा नसेलही. निश्चित उल्लेख येतो तो १७३८ सालचा. सार्टोरियस नांवाच्या मिशनऱ्यानें त्या सालीं लिहिलें, कीं पश्चिम किनाऱ्यावर स्वतःला बेने इस्रायल म्हणविणारे लोक आहेत, त्यांच्याजवळ बायबल नाहीं, पण ‘शेमा’ मात्र त्यांना येतो. तीस वर्षांनंतर, १७६८ सालीं, कोचीनचे प्रतिष्ठित यहुदी व्यापारी यहेज्केल रहाबी यांनीं हॉलंडांतील आपल्या एका धर्मबंधूस अशीच हकीकत कळविली. कोंकणांत हे लोक पांगलेले आहेत, ते तेल गाळतात, कांहीं शिपाईगिरी करतात, ‘शेमा’ म्हणतात आणि शनिवार पाळतात. परक्यांच्या या दोन पत्रांत जें आढळतें तेंच दंतकथेंतही आढळतें. ग्रंथ नाहीं, एक वचन आणि एक वार आहे.

हा वारच त्यांची ओळख झाला. कुलाब्याच्या खेड्यापाड्यांतून हे लोक घाणे चालवीत. खोबरें, तीळ, उंडी यांचें तेल गाळून विकीत. आठवड्यांतून एक दिवस, शनिवारीं, त्यांचा घाणा बंद असे. गांवाला त्याचें विशेष नवल वाटलें नाहीं, कारण सोमवारीं बैल न जुंपणारे तेलीही आपल्याकडे होतेच. ते सोमवार तेली, तसे हे शनिवार तेली. नांव ठेवून गांव मोकळा झाला. यहुद्यांच्या इतिहासांत ही गोष्ट साधी नव्हे. युरोपांत याच शब्बाथावरून, याच निराळेपणावरून यहुद्यांच्या वस्त्या भिंतींनीं वेगळ्या केल्या गेल्या आणि त्यांचा अनन्वित छळ झाला. कोंकणांत त्या निराळेपणाला जातीचा एक कोनाडा मिळाला आणि त्यांत तो शतकानुशतकें सुखरूप राहिला. मात्र या चित्राला फार गोड रंग देऊं नये. कोनाडा मिळाला तो उतरंडीच्या खालच्या पायरीवर. आणि त्या उतरंडीची लागण समाजाच्या आंतही झाली. शुद्ध यहुदी आईबापांचे ते गोरे इस्रायल आणि परजातीच्या स्त्रीपासून झालेल्या संततीचे वंशज ते काळे इस्रायल, असा भेद त्यांनीं स्वतः पाळला. दोघांत बेटीव्यवहार होत नसे आणि धर्मकार्यांतही काळ्यांना मागें ठेवीत. हा भेद आतां मावळला असला, तरी तो होता हें सांगितलेंच पाहिजे.

शनिवाराच्या जोडीला गांवाचें नांव होतें. मूळचीं नांवें बायबलांतलीं असत, पण तीं मराठी वळणानें उच्चारलीं जात. आडनांव मात्र सरळ गांवावरून येई. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, नवगांवचे नवगांवकर, चौलचे चेऊलकर, दिव्याचे दिवेकर, राजपुरीचे राजपुरकर, झिराडचे झिराडकर. अशीं शंभराहून अधिक आडनांवें मोजलीं गेलीं आहेत आणि तीं नकाशावर मांडलीं तर कुलाबा जिल्ह्याचा बराचसा किनारा त्यांतून उभा राहील. मुंबईच्या वैद्यकीय जगांत कीर्ति मिळविलेल्या, १९६६ सालीं पद्मश्री लाभलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नांवांत अलिबाग तालुक्यांतील तें झिराड गांव आहे. आणि चित्रपटांत केवळ ‘डेव्हिड’ या नांवानें सर्वांना परिचित असलेले नट डेव्हिड अब्राहाम हे चेऊलकर, म्हणजे चौलचे होते.

आतां सणांकडे वळूं. माझ्या मतें या साऱ्या इतिहासाचें मर्म तेथेंच आहे. पंचांग सांगणारा कोणी नव्हता, ग्रंथ वाचणारा कोणी नव्हता; पण वर्षाचे सण टळले नाहींत. फक्त त्यांचीं हिब्रू नांवें विसरून गेलीं आणि त्यांच्या जागीं मराठी नांवें आलीं. तींही बहुतेक स्वयंपाकघरांतलीं किंवा घराच्या उंबरठ्यावरचीं. नववर्षाचा तो ‘नव्याचा सण’. त्याच्या पाठोपाठ नव्या भाताची खीर करून ‘शेमा’ म्हणावयाचा तो ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताचा महान उपवास, जो जगभरचे यहुदी योम किप्पूर म्हणून पाळतात, तो येथें ‘दारफळणीचा सण’ झाला. कारण त्या दिवशीं शुभ्र वस्त्रें नेसून, दारें लावून, कोणाचा स्पर्श होऊं न देतां घरांत बसावयाचें असे. दुसऱ्या दिवशीं ‘शिळा सण’. त्या दिवशीं दानधर्म आणि इष्टमित्रांच्या भेटी. फाल्गुनांतल्या पुरीमला ते ‘होळीचा सण’ म्हणत. दोन्ही सण पौर्णिमेच्या आगेमागें येतात, तेव्हां गांवाची होळी पेटली कीं आपलाही सण आला, हा हिशेब पंचांगावांचून जमे.

त्यांतलीं दोन नांवें तर मला विलक्षण वाटतात. वल्हांडणाच्या सणांत यहुद्यांच्या घरीं आंबविलेला पदार्थ ठेवूं नये असा कडक नियम आहे. मिसर देशांतून घाईनें निघालेल्या पूर्वजांच्या पिठाला आंबावयासही वेळ मिळाला नव्हता, ही त्यामागची आठवण. कोंकणांतल्या बेने इस्रायलांना मिसर देश, फारो राजा, मोशे यांची कथा कितपत ठाऊक राहिली होती कोण जाणे. पण त्यांच्या घरांत कालवणासाठीं आंबट रसाचें एक भांडें असे, तें या दिवसांत झांकून ठेवावयाचें एवढें घरच्या बायकांना पक्कें ठाऊक होतें. म्हणून त्या सणाचें नांव ‘अनाशी ढांकायचा सण’. दुसरें नांव ‘बिरड्याचा सण’. यरुशलेमचें मंदिर शत्रूनें जाळलें त्या दिवसाचा हा शोक. मंदिर कोणतें, शत्रु कोण, हें पुसट झालें असेल. पण त्या दिवसांत मांस वर्ज्य करावयाचें आणि मोड आलेल्या वालांचें बिरडें करावयाचें, हें आईनें मुलीला आणि सासूनें सुनेला सांगितलें. जगांतील सर्वांत ग्रंथनिष्ठ म्हणून नांवाजलेल्या धर्माची एक शाखा अनेक शतकें ग्रंथावांचून जगली. ती पुरुषांच्या पांडित्यावर जगली नाहीं, तर बायकांच्या हातांवर जगली.

या विधानाला खुद्द त्यांच्या परंपरेंतच आधार आहे. डेव्हिड रहाबी नांवाचा एक परदेशी यहुदी फिरत फिरत कोंकणांत आला आणि हे शनिवार पाळणारे लोक आपलेच कीं काय अशी त्याला शंका आली, असें सांगतात. त्यानें परीक्षेसाठीं बायकांपुढें नाना जातींची मासळी ठेविली. त्यांनीं पर आणि खवले असलेली मासळी तेवढी रांधावयास घेतली आणि बाकीची बाजूस सारून ‘ही आम्ही खात नाहीं’ असें सांगितलें. बायबलांतला नियम नेमका हाच आहे. मुशी, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी हें सारें ज्या किनाऱ्यावर उदंड मिळतें, तेथें राहून पिढ्यानपिढ्या तें टाळावयाचें म्हणजे गोष्ट सोपी नव्हे! रहाबीची खात्री पटली. त्यानें झिराडकर, शापूरकर आणि राजपुरकर या घराण्यांतील तिघांना निवडून धर्मविधि शिकविले. त्यांचे वंशज काजी म्हणून ओळखले जाऊं लागले. गांवोगांव जाऊन लग्नें, सुंता लावाव्या आणि तंटे सोडवावे, हें त्यांचें काम. हा रहाबी कोणत्या शतकांतला याविषयीं एकमत नाहीं. कोणी त्याला हजार वर्षें मागें नेतात, तर कोणी अठराव्या शतकांतल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशीं त्याचा संबंध जोडतात. मला दुसरें मत अधिक संभवनीय वाटतें, कारण कोचीनशीं दळणवळण वाढल्याच्या खुणा त्याच शतकांतल्या आहेत.

खेड्यांतून शहरांत हा समाज कसा आला, तें आतां थोडक्यांत सांगतों. अलिबाग हें शहर फार जुनें नव्हे. कुलाब्याचा जलदुर्ग शिवछत्रपतींनीं उभारला आणि कान्होजी आंग्र्यांच्या कारकीर्दींत त्याच्या समोरच्या किनाऱ्यावर वस्ती वाढली. गांवाच्या नांवाविषयीं दोन कथा आहेत. अली नांवाच्या एका धनिकानें येथें विहिरी खणल्या व बागा लाविल्या, म्हणून अलीची बाग तें अलिबाग, एवढें दोघींत समान आहे. मात्र कोणी त्या अलीला मुसलमान म्हणतात आणि बेने इस्रायल लोक त्याला आपल्यांतला म्हणतात. निवाडा देण्यास कागद नाहीं. आणि दोन्ही समाजांना आपलासा वाटावा असा पुरुष तो होता, यांत वावगें कांहीं नाहीं. आंग्र्यांच्या आरमारांत बेने इस्रायल होते. चुरीकर घराण्यांतील पुरुष तेथें नाईकीच्या हुद्द्यापर्यंत चढल्याचें किहीमकरांनीं नमूद केलें आहे. घाण्यावरचा तेली तलवारीकडे आणि शिडाकडे वळला, तो या काळांत.

इंग्रजी राज्याचा पाया मुंबईंत पक्का झाला तेव्हां कंपनीच्या पलटणींनीं या लोकांना झपाट्यानें ओढून घेतलें. त्यांतील सॅम्युअल यहेज्केल दिवेकर, मराठी वळणानें सामाजी हसाजी, यांची हकीकत प्रसिद्ध आहे. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धांत ते टिपूच्या कैदेंत सांपडले. जात विचारली असतां त्यांनीं बेने इस्रायल असें सांगितलें. कुराणांत आलेलें तें नांव टिपूच्या आईला ठाऊक होतें. तिनें रदबदली केली आणि त्यांचा जीव वांचला, अशी कथा आहे. सुटून आल्यावर कृतज्ञतेनें त्यांनीं १७९६ सालीं मुंबईस मांडवी भागांत प्रार्थनामंदिर बांधलें. बेने इस्रायलांचें तें पहिलें मंदिर. समाजांत त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत आणि मुंबईच्या मस्जिद बंदर स्टेशनाचें नांव त्यावरूनच पडलें, असेंही सांगतात. मंदिराला शास्त्रोक्त तोरा-ग्रंथ मिळवावा म्हणून ते कोचीनला गेले आणि तेथेंच १७९७ सालीं वारले. ग्रंथाच्या शोधार्थ निघालेला हा पहिला बेने इस्रायल म्हणावयास हरकत नाहीं.

कुलाब्याचें आंग्रे संस्थान १८४० सालीं खालसा झालें आणि अलिबाग इंग्रजी कारभाराचें ठाणें बनलें. कचेऱ्या आल्या, शाळा आल्या, पलटणींतून निवृत्त झालेले सुभेदार-जमादार पेन्शन घेऊन गांवीं परतले. त्यांनीं मुंबईचें मंदिर पाहिलें होतें, रांगेनें उभें राहून एकत्र म्हटलेली प्रार्थना ऐकली होती. रेवदंड्याचें मंदिर १८४२ सालीं झालें, अलिबागचें १८४८ सालीं, पनवेलचें १८४९ सालीं. सात वर्षांत तीन मंदिरें! आमच्या आरंभींच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर या सालांत आहे. सार्वजनिक प्रार्थनेला यहुदी धर्मांत दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. खेड्यांत दोन-तीन घरें असतांना तें जमत नव्हतें आणि तशी गरजही भासत नव्हती. सण घरांत होत होते. एका आळींत पुरेशीं कुटुंबें आलीं, हातांत रोख पैसा आला, तेव्हां मंदिर उभें राहिलें.

पण नुसत्या पैशानें मंदिर चालत नाहीं. पोथी वाचतां यावी लागते. ती विद्या कोठून आली, हा इतिहासाचा मोठाच विनोद आहे. ती आली ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून. १८२० नंतरच्या काळांत अमेरिकन मराठी मिशननें कुलाब्याच्या किनाऱ्यावर शाळा काढल्या आणि त्यांत शिकणारे आणि शिकविणारेही पुष्कळसे बेने इस्रायल होते. बायबलांतील जुन्या कराराच्या कथा त्यांनीं प्रथम मराठींत वाचल्या त्या याच शाळांतून. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं या समाजासाठीं मराठी भाषेंत हिब्रू व्याकरण लिहिलें. मिशनऱ्यांचा हेतु उघड होता. आधीं यहुदी करावें आणि मग ख्रिस्ती, असा त्यांचा क्रम होता. त्यांतला पूर्वार्ध पूर्ण सिद्धीस गेला आणि उत्तरार्ध जवळजवळ पूर्णपणें फसला. फारच थोडे लोक ख्रिस्ती झाले. उरलेल्यांनीं व्याकरण घेतलें, नमस्कार केला आणि ते मंदिरांत जाऊन बसले!

यापुढची पन्नास-साठ वर्षें या समाजाच्या मराठी लेखनाचा वैभवकाळ होय. १८४६ सालीं मुंबईंत वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला. १८७४ सालीं पुण्यास विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यांत छापलेल्या हग्गाद्यांत चित्रें आहेत. लुगडीं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करीत आहेत, असें त्यांतलें एक चित्र आहे. वर हिब्रू, खालीं मराठी आणि चित्रांत आमच्या घरोघरच्या बायका! जोसेफ यहेज्केल राजपुरकर यांनीं तर एकापाठोपाठ एक प्रार्थनाग्रंथ मराठींत आणले. मुंबई विश्वविद्यालयाचे ते हिब्रूचे परीक्षक होते. १८८०च्या सुमारास या समाजांत कीर्तनें सुरू झालीं. पूर्वरंग-उत्तररंगासह, साकी-दिंडीसह, पण आख्यान अब्राहामाचें किंवा योसेफाचें. आणि ज्यांचा वारंवार उल्लेख केला ते हाईम सॅम्युअल किहीमकर १८३० सालीं अलिबागेसच जन्मले. मुंबईस १८७५ सालीं त्यांनीं समाजाची शाळा काढली, १८९७ सालीं समाजाचा इतिहास लिहून पुरा केला आणि तो ग्रंथ छापून निघाला तो त्यांच्या निधनानंतर, १९३७ सालीं, तेल अवीव येथें. अलिबागच्या माणसानें कोंकणचा इतिहास लिहावा आणि तो पॅलेस्टाईनांत छापला जावा, यांत पुढच्या काळाची चाहूल होती.

या विद्येचें दुसरें फळ असें, कीं ‘दारफळणी’ गेली आणि ‘योम किप्पूर’ आला. ‘अनाशी’ गेली आणि ‘पेसाह’ आला. आतां पूर्वजांच्या चुका सुधारल्या, असें त्या पिढीला वाटलें आणि तें स्वाभाविक होतें. पण त्याबरोबर यरुशलेम, जें आजवर एक अस्पष्ट दिशा होतें, तें पुस्तकांतलें स्पष्ट स्थान झालें. प्रार्थनामंदिरांत तोरा ठेवण्याचें कपाट यरुशलेमच्या दिशेस असतें. कोंकणांत ती दिशा पश्चिम. जिकडून पूर्वज आले त्या समुद्राकडे तोंड करून हा समाज शंभर वर्षें प्रार्थना करीत राहिला आणि पुढील वर्षीं यरुशलेमेंत भेटूं, ही वल्हांडणाची प्रार्थना आतां अर्थ समजून म्हणूं लागला.

तसें पाहिलें तर पहिली गळती समुद्रापलीकडे नव्हे, मुंबईकडे लागली. शिक्षण झालेलीं मुलें रेल्वे, पोस्ट, गिरण्या, इस्पितळें आणि सरकारी कचेऱ्या यांकडे गेलीं. मग १९४८ सालीं इस्रायल राष्ट्र जन्मास आलें. त्या वेळीं हिंदुस्थानांत बेने इस्रायल सुमारें वीस हजार होते. त्यांच्यावर येथें कोणी जुलूम केला नव्हता. घर पेटलें म्हणून ते निघाले नाहींत. कांहींना इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांचें काय होईल अशी धास्ती होती, कांहींचे भाऊबंद पुढें गेले होते. पण पुष्कळांनीं पुस्तकांत वाचलेल्या वचनावर विश्वास ठेवून बोचकें बांधलें.

तेथें त्यांना जें भोगावें लागलें तें येथें कमी लोकांना ठाऊक आहे. बेरशेबा, दिमोना अशा वाळवंटांतल्या नव्या वसाहतींत त्यांना पाठविण्यांत आलें. रंगावरून आपणांस कमी लेखतात अशी तक्रार करून त्यांतील एका गटानें धरणें धरलें आणि १९५२ सालीं त्यांना हिंदुस्थानांत परत आणून पोंचविण्यांत आलें. त्यांतले बरेच पुढें पुन्हां तिकडे गेले. त्याहून जिव्हारीं लागणारा घाव १९६२ सालचा. बेने इस्रायलांचा विवाह इतर यहुद्यांशीं लावण्यापूर्वीं त्यांच्या मातृकुळाची मागल्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, अशी आज्ञा तेथील मुख्य धर्मपीठानें काढली. ज्यांनीं ग्रंथ नसतां मासळीच्या खवल्यांपर्यंत धर्म पाळला, त्यांच्याकडे ग्रंथवाल्यांनीं दाखला मागितला! दोन वर्षें निदर्शनें झालीं, उपोषणें झालीं. अखेर १९६४ सालीं इस्रायलच्या पार्लमेंटानें ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असें ठरावानें सांगितलें आणि धर्मपीठाला आज्ञेचा मजकूर बदलावा लागला. एके काळीं गोऱ्यांनीं काळ्यांची जी चौकशी केली, तीच चौकशी दोघांच्याही वांट्याला आली, हें त्या दिवसांत कोणाच्या मनांत आलें असेल तर तें मला स्वाभाविकच वाटेल.

आज इस्रायलांत बेने इस्रायलांची संख्या कित्येक हजारांनीं मोजतात आणि तेथें ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिकही त्यांनीं चालविलें. हिंदुस्थानांत २०११च्या खानेसुमारीप्रमाणें सर्व प्रकारचे यहुदी मिळून साडेचार हजारांच्या आसपास उरले. त्यांतले बहुसंख्य मुंबई आणि ठाणें येथें. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं या समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

अलिबागेस आतां मोजकीं कुटुंबें आहेत. मंदिराची निगा राखली जाते, पण मुंबईहून पाहुणे आले नाहींत तर प्रार्थनेला दहा पुरुष जमविणें कठीण पडतें. अलिबागजवळच खंडाळें म्हणून गांव आहे. तेथें खडकावर कांहीं खुणा आहेत. एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया प्रेषित, याचा रथ तेथून स्वर्गीं गेला, त्याच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या त्या खुणा, असें बेने इस्रायल मानतात. जगांतल्या दुसऱ्या कोणत्याही यहुदी ग्रंथांत हें खंडाळें नाहीं. मुंबईहून आणि आतां इस्रायलांतूनही माणसें तेथें नवस फेडावयास येतात. परातींत पोहे, ओलें खोबरें, साखर आणि फळें घालून मलिदा करतात, एलियाहूचें नांव घेऊन प्रार्थना म्हणतात आणि तो मलिदा सर्वांना वांटतात. या विधीला दहा पुरुषांची गणना कोणी करीत नाहीं.